मामा, तिनं बास म्हटलंय

मामा, तुमच्या तेराव्याला मी भावकीसमोर तोंड उघडलं आणि माझ्या नणंदबाई, आक्का, अर्ध्या पंगतीतून उठून गेल्या. तेव्हापासून घरी येणारी प्रत्येक बाई मला सांगते, म्हाताऱ्याच्या फोटोपुढं हात जोड, माफी माग, म्हणजे जिवाला बरं वाटंल. आज दुपारी घरात कोणी नव्हतं, तर फोटोपुढं बसले. हात जोडले. माफी काही तोंडातून निघाली नाही, आणि ओढून काढायची मला इच्छाही नाही. त्यापेक्षा आपलं बोलायचं राहिलं ते लिहून काढते. तुम्ही होतात तोवर बोलायची सोय नव्हती.

खरंच नव्हती. लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी, आत्यांनी, बजावलं होतं की सासऱ्यापुढं पदर ढळू द्यायचा नाही आणि थेट बोलायचं नाही. मी मुळातच बुजरी, मला ते सोपं गेलं. आत्या होत्या तोवर तुमचं माझं बोलणं त्यांच्यामार्फत इकडून तिकडं जायचं. त्या गेल्यावर ते काम ईश्वरीकडं आलं. ती तेव्हा नुकती बोलायला लागली होती. तुम्ही ओसरीवर, मी चुलीपाशी, मधे एक उंबरा, आणि तुम्ही म्हणायचात, "ईश्वरे, आईला म्हणाव चहा टाक." ती तिथूनच ओरडायची, "आई, चहा टाक म्हणतेत आबा." मी हळूच सांगायचे, आबांना म्हण, बिनसाखरेचा मिळेल. त्यावर तुमचा निरोप यायचा, "मंग काढा म्हणाव की त्याला. चहा कावून म्हणायचं?" तिघांनाही सगळं ऐकू येत असायचं, तरी एकेक वाक्य त्या पोरीच्या तोंडून फिरून यायचं.

कड्याचा साखर कारखाना सुरू झाला की ईश्वरीचे पप्पा तिकडं उसाच्या ट्रॅक्टरवर जायचे आणि उन्हाळा लागेपर्यंत घरात आपण तिघंच उरायचो. दोन मोठी माणसं आणि मधे निरोप वाहणारी एवढीशी पोर. पुढं आपलं भांडण लागलं ते तिच्यावरूनच, आणि तेही तिच्याच तोंडून चाललं.

तुमच्या हाताची चव मी कधी नाकारली नाही. नेकनूरच्या बाजारात कुणालाही विचारावं की लग्नाची बुंदी कुणाची, लोक तुमचंच नाव घेतील. पण तुम्हाला साखरेचा आजार जडला आणि डॉक्टरांनी गोड बंद केलं. ज्याला गोडाची चव घेता येत नाही तो आचारी काय कामाचा? दुसरा असता तर त्यानं झारा टाकून दिला असता. तुम्ही नातीला भट्टीशेजारी बसवलंत. पहिला घाणा पाकातून निघाला की बुंदीची वाटी तिच्या हातात. "सांग पैलवान, कशी झाली?" आणि ती खरंच सांगायची. वेलदोडा कमी हाय. पाक करपलाय जरा. जायफळ लई झालं. शाळेतसुद्धा न जाणारी पोर हे सांगते म्हणून मांडवातली माणसं गोळा व्हायची, तिला पुन्हा पुन्हा चाखायला लावायची. एकदा तुम्ही मला निरोप धाडलात, "आईला म्हणाव, माझी हरवलेली जीभ तुझ्या लेकीच्या तोंडात सापडली." तो ऐकून मी चुलीपाशी हसले होते. तुम्हाला दिसले नसेन.

पण बोटभर चाखणं वाटीवर गेलं, आणि एक वाटी दोनांवर. लग्नसराईत दिवसाआड कुठं तरी भट्टी पेटलेली. वरून लग्नघरचे लोक आचाऱ्याची नात म्हणून तिच्या हातात थंड्याची बाटली द्यायचे. उरलेल्या बुंदीचा डबा घरी यायचा तो सकाळी दूध घालून तिच्याच पुढं. कुणी वाईट मनानं दिलं नाही. सगळ्यांनी मायेनंच दिलं, म्हणून तर कुणाला अडवता येईना.

ती तिसरीत गेली तेव्हा मानेवर काळा पट्टा दिसायला लागला. मला वाटलं मळ. रविवारी न्हाऊ घालताना मी घासणीनं घासायचे, ती रडायची, मान लाल व्हायची, पट्टा तसाच राहायचा. शाळेत मुलं तपासायला डॉक्टर आले, त्यांनी तो बघून आम्हाला बीडला पाठवलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे घासू नका, हा मळ नाही. वजन फार वाढलं की शरीराला रक्तातली साखर सांभाळणं जड जातं, त्याची ही खूण असते. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला साखर आहे का? मी म्हटलं, सासऱ्यांना. त्यांच्या पायाचं बोट काढलंय.

त्या बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तिला उपाशी ठेवायचं नाही, वाढतं अंग आहे. वजन झपाट्यानं उतरवायच्या मागं लागू नका. ते आहे तिथं थांबलं आणि पोर उंच होत गेली, तरी खूप झालं. तिच्यापुरता वेगळा स्वयंपाक नको, घरात सगळ्यांनी एकच खायचं. बाटल्या, पुडे आणि रोजचं गोड बंद, सणाला थोडं चालेल. तिला खेळू द्या, वेळेवर झोपवा. आणि ती पोट भरलं म्हणाली की पुढं वाढू नका. ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत सोपी वाटली होती. एसटीत बसून येताना मी मनात म्हणत होते, एवढं तर आपल्या हातातलं आहे.

मामा, ते हातातलं नव्हतं. आपल्या घरात बास ह्या शब्दाला किंमतच नव्हती. पंगतीत पाहुणा ताटावर हात आडवा धरायचा आणि तुम्ही त्याच्या बोटांच्या फटीतून बुंदी सोडायचात. सगळी पंगत हसायची. तीच तुमची ख्याती होती. जो बास म्हणेल त्याला आणखी वाढायचं, नाहीतर वाढणाऱ्याची माया कमी पडली. मग ज्या घरात पाहुण्याचं बास कुणी ऐकत नाही, तिथं पोरीचं कोण ऐकणार?

मी बुंदीचा डबा शेजारी वाटून टाकायला लागले. तुमचा निरोप आला, "ईश्वरे, आईला म्हणाव, आचाऱ्याच्या घरात पोर उपाशी ठिवली तर गाव थुकंल." मी सांगितलं, आबांना म्हण, उपाशी कुणी नाही. भाकरी, भाजी, वरण, ताक, पोट भरेल एवढं आहे. तुम्ही म्हणालात, डॉक्टरणीला काय कळतंय, त्यांची पोरं बघ, वारं आलं की उडतेत. मी म्हटलं, आबांना म्हण, कळतंय म्हणूनच लोक त्यांच्याकडं जातात. असं आठवडाभर चाललं. एका दुपारी तुमचा असाच एक निरोप घेऊन ती माझ्यापर्यंत आली आणि सांगायचं सोडून उभीच राहिली. मग हळूच म्हणाली, "आई, मी लई खराब झालेय का गं?"

मी तिला जवळ घेतलं. तू खराब झाली नाहीस, तुझं अंग जरा दमलंय, आपण त्याला मदत करतोय, एवढंच म्हणता आलं. पण त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की आता तिच्या तोंडून एक शब्दही जाणार नाही.

संध्याकाळी तुमच्या पायाची जखम धुवायला बसले. बोट काढल्यापासून ते काम माझंच होतं. मी खाली मान घालून धुवायचे, तुम्ही कौलांकडं बघत बसायचात, इतके दिवस त्यात एक शब्द गेला नव्हता. ईश्वरी तांब्या धरून उभी होती. तुम्ही सुरू केलंत, "ईश्वरे, आईला म्हणाव, पोरीच्या तोंडातला घास काढून..." मी हातातली पट्टी खाली ठेवली, ईश्वरीला म्हटलं तू बाहेर खेळ जा, आणि ती गेल्यावर तुमच्याकडं बघून म्हणाले, "मामा, हा पाय मला तिच्या अंगाला बघायचा न्हाई."

लग्नानंतर तुमच्याशी थेट बोललेलं ते माझं पहिलं वाक्य. तुम्ही पाय ओढून घेतलात. मी तो पुन्हा पुढं घेतला, पट्टी बांधली आणि म्हणाले, चव घ्यायची तर तिनं एक दाणा घ्यावा, वाटी न्हाई. आणि आजपासून ती निरोप सांगणार न्हाई. आवाज थरथरला नाही, ह्याचं मलाच नवल वाटलं.

तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. पोरीमार्फत बोलायची सोय मी काढून घेतली होती, मग तुम्ही शेळीला सांगायला लागलात. दावणीकडं तोंड करून म्हणायचात, "शेळे, जेवायला वाढा म्हणाव." मी ताट आणायचे. "शेळे, काही काही लोकांना लईच जीभ फुटलीय म्हणाव." ईश्वरी तोंडावर हात धरून हसायची. मलाही हसू यायचं, पण मी ते पदरात ठेवलं. एकाच वेळी आपण दोघं हसलो असतो तर भांडण तिथंच मिटलं असतं, आणि मला ते मिटवायचं नव्हतं. मला ते जिंकायचं होतं.

तुम्हीही असे की हरलात हे कधी कबूल केलं नाहीत. नेकनूरच्या एका लग्नात तुम्ही तिला भट्टीपाशी बसवून तळहातावर बुंदीचा एक दाणा ठेवलात, हे मला तिच्याकडून कळलं. मग तिला पाकाची तार बोटांत धरून ओळखायला शिकवलंत, मीठ वासावरून ओळखायला शिकवलंत. थंड्याची बाटली घेऊन कुणी आलं तर म्हणालात, "आमची पैलवान पाणी पिती." हेही तीच सांगत आली. त्या दिवशी डबा रिकामा घरी आला. तुम्ही तो माझ्यापुढं ठेवलात आणि शेळीशीही न बोलता हातपाय धुवायला गेलात.

आणि त्याच लग्नातलं दुसरंही मला कळलं. वरपक्षाकडचा एक जण ईश्वरीकडं बघून म्हणाला होता, आचाऱ्याची नात, बघूनच कळतंय की माल कुठं जातोय. चार जण हसले. तुम्ही झारा कढईवर आडवा ठेवलात आणि बाजूला जाऊन बसलात. पंगत बसायची वेळ झाली होती. लोक विनवायला आले, तर म्हणालात, "त्यो माणूस पोरीला चुकलो म्हणल्याबिगर तेलात दाणा पडणार न्हाई." त्याला यावं लागलं. नवरदेवाचा चुलता होता तो. त्यानं पोरीपुढं चुकलो म्हटलं, आणि मग तुम्ही उठलात.

मामा, हे तुमचं. हे मी तुमच्याकडून घेतलं. तिच्या खाण्यावरून मी रोज तुमच्याशी लढले, पण तिची मान तुम्ही एक दिवस खाली जाऊ दिली नाहीत. मी एकदा शेजारणीशी बोलताना जाडी हा शब्द काढला होता, तेव्हा तुम्ही ओसरीवरून खाकरलात, आणि शेळीला सांगितलंत की पोरीबद्दल त्यो शब्द ह्या घरात निघाला तर बघा म्हणाव. बरोबर होतं तुमचं. तेवढं तेव्हाच कबूल करायला हवं होतं. मी तुमच्यासारखीच हट्टी निघाले.

मग ती शाळेत खो-खो खेळायला लागली. सुरुवातीला धापा टाकत घरी यायची, मुलं तिला आपल्या बाजूला घ्यायची नाहीत, आणि ती तरी जायची. तुम्हालाही डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. तुम्ही दोघं संध्याकाळी मारुतीपर्यंत चालत जायचात. तुम्ही तिला चालवायला नेता असं तुम्ही म्हणायचात, ती तुम्हाला नेते असं ती म्हणायची. घरात गोड फक्त सणाला झालं आणि आपण तिघंही एकाच भाजीत जेवलो. तुम्ही रोज कुरकुर केलीत. तिच्या दप्तरात मला पेढ्याचे कागद सापडले, एकदा सोडून अनेकदा. "कुणी दिले?" मी विचारलं, थेट तुम्हालाच. तुम्ही शेळीकडं बघितलंत. मी म्हणाले, शेळी बाजारात जात न्हाई, मामा. तेव्हा मात्र तुम्हाला हसू आवरलं नाही, टोपी पुढं ओढून बाहेर गेलात.

बीडला पुन्हा गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभी केली, भिंतीला लावून उंची मोजली आणि म्हणाल्या, छान. वजन जवळपास तिथंच आहे आणि पोर उंच झालीय. मानेवरचा पट्टा फिका पडला होता. घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात, "शेळे, पोर सुकली." तेच तुमचं शेवटपर्यंतचं मत. त्यावर आपण वादच घालत राहिलो, आणि वाद अर्धाच सोडून तुम्ही गेलात.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही खाटेवर होतात. मी पातळ वरण केलं होतं. चमच्यानं भरवत होते. तुम्ही डोळे उघडून माझ्याकडं बघितलंत, शेळीकडं नाही, भिंतीकडं नाही, आणि म्हणालात, "वरण बरं झालंय, सूनबाई." इतक्या वर्षांत माझ्या हाताच्या कशालाही तुम्ही बरं म्हटलं नव्हतं. मी पुढचा चमचा भरला. आपल्या भांडणाबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत, मीही बोलले नाही. मला वाटलं होतं, अजून दिवस आहेत.

आता तेराव्याचं सांगते, कारण आक्का तुमची लेक, त्यांची बाजू तुम्ही घ्याल हे मला ठाऊक आहे. पंगत बसली होती. दुसऱ्या आचाऱ्याकडून बुंदी केली होती, तुमच्यासारखी नव्हती. आक्कांनी ईश्वरीला आपल्याजवळ बसवलं आणि तिच्या ताटात बुंदीचा ढीग घातला. ईश्वरीनं थोडी खाल्ली. म्हणाली, "बास आत्या, पोट भरलं." आक्का म्हणाल्या, बास कसं म्हणतीस? आबाचा घास हाय. आबाला तुला खाऊ घालायची हौस होती, ती तुझ्या आईनं पुरी होऊ दिली न्हाई. आता तरी खा, त्याच्या जिवाला शांती मिळंल. आणि स्वतःच्या हातानं घास तिच्या तोंडाशी नेला. सगळी भावकी बघत होती. कुणी म्हणालं, खा गं पोरी, आजच्या दिवस. कुणी म्हणालं, म्हाताऱ्याचा आत्मा घुटमळत असंल.

पोरीनं तोंड घट्ट मिटलं होतं आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. ती माझ्याकडं बघत होती. मी बायकांच्या रांगेत वाढायला उभी होते. मला चार माणसांसमोर स्वतःचं नावसुद्धा नीट सांगता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. वरणाचं पातेलं खाली ठेवून मी पुरुषांच्या पंगतीतून पलीकडं आक्कांपाशी चालत गेले आणि म्हणाले, "आक्का, तिनं बास म्हटलंय."

आक्कांनी मला खूप सुनावलं. चौथी शिकलेली बाई, डॉक्टरणीची दोन वाक्यं ऐकून शहाणी झाली. बापाला शेवटच्या काळात नातीच्या तोंडात घास घालायला महाग केलं. मी ऐकून घेतलं. मग म्हणाले, मामाला मी महाग केलं असं म्हणायचं असलं तर म्हणा. मामांनी तिच्यासाठी भर लग्नात भट्टी थांबवली होती, तुम्ही तिच्या रडण्यासाठी हात थांबवा. शांतीसाठी पाहिजे तर मला वाढा, मी खाते. पोरीचं बास ते बास.

तेवढ्यात ईश्वरीचे पप्पा उठले. मला वाटलं आता हे मला ओरडणार. त्यांनी ईश्वरीचं ताट उचललं, आपल्या जागेवर नेलं आणि मुकाट्यानं सगळी बुंदी खाऊन टाकली. आक्का तेव्हाच उठून गेल्या.

तर मामा, मी मागितली नाही ती माफी ही. तुमचा आत्मा घुटमळत असेल असं मला वाटत नाही. आणि घुटमळत असलाच तर पोरीच्या पोटात जास्तीची बुंदी घालून मी त्याला वाट करून देणार नाही. दुसरं काय हवं ते मागा, करीन. तुमच्या वर्षश्राद्धाला गावाला जेऊ घालीन. कुणी ताटावर हात आडवा धरला तर वाढपी पुढं जाईल, तुमच्या पंगतीत पहिल्यांदाच असं होईल, आणि तुम्हाला ते आवडणार नाही. नको आवडू दे.

तुम्ही म्हणायचात, ही बाई पोरीला उपाशी मारील. काल ईश्वरी खो-खो खेळून आली, हातपाय धुतले आणि ताटावर बसली. एक भाकरी संपवली. मी तव्यावरची उतरवत होते तर मागून म्हणाली, "आई, अजून अर्धी दे, भूक हाय."

दिली, मामा. मोठी अर्धी दिली.